गायलं कोणी?

नासाच्या व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी बसवली आहे तिच्यात संगीताच्या २७ रचना आहेत. त्यांची मूळ यादी कुणालाही वाचायला मिळते. गाणी ऐकण्याआधी ती यादीच एकदा सावकाश वाचावी. बाखच्या तीन रचना आहेत आणि तिन्हींपुढे वाजवणाऱ्याचं किंवा संचालकाचं नाव आहे. मोझार्टच्या ऑपेरातल्या तुकड्यापुढे एड्डा मोझर या गायिकेचं नाव आहे. चक बेरी आहे, लुई आर्मस्ट्राँग आहे. भारताच्या ओळीत ‘जात कहाँ हो’ आणि पुढे सूरश्री केसरबाई केरकर असं बिरुदासकट नाव आहे.

आणि मग अशा ओळी येतात. सेनेगल, तालवाद्यं, ध्वनिमुद्रण चार्ल्स द्युवेल. झाईर, पिग्मी मुलींचं दीक्षागीत, ध्वनिमुद्रण कॉलिन टर्नबुल. न्यू गिनी, पुरुषांच्या घरातलं गाणं, ध्वनिमुद्रण रॉबर्ट मॅक्लेनन. नवाहो इंडियन, रात्रीचा मंत्र, ध्वनिमुद्रण विलर्ड ऱ्होड्स. पेरू, लग्नाचं गाणं, ध्वनिमुद्रण जॉन कोहेन. सत्तावीसपैकी अकरा ओळींत गाणाऱ्याचं वा वाजवणाऱ्याचं नावच नाही. नाव आहे ते यंत्र घेऊन गेलेल्या माणसाचं, नाहीतर रेडिओ मॉस्को किंवा लिमाच्या सांस्कृतिक केंद्रासारख्या संस्थेचं.

सगळ्या पृथ्वीच्या वतीने जी एकच रेकॉर्ड पाठवली गेली तिच्यावर सगळ्या पृथ्वीला सारखा मान मिळालेला नाही. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. उलट निवड करणारी माणसं त्या काळाच्या मानाने बरीच मोकळ्या मनाची होती. म्हणूनच हे प्रकरण बारकाईने बघण्याजोगं आहे. जगभरच्या लोकसंगीताची संकलनं कशी बनतात आणि त्यांत गाणं पुढे जाताना गाणारा मागे कसा राहतो, हे या एका तबकडीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसेल.

निवड

१९७७च्या उन्हाळ्यात दोन यानं गुरू-शनीकडे आणि पुढे सूर्यमालेबाहेर जायची होती. त्यांच्यासोबत काहीतरी निरोप द्यावा म्हणून कार्ल सेगन यांच्याकडे काम आलं. फ्रँक ड्रेक, अ‍ॅन ड्रुयान, टिमोथी फेरिस, जॉन लोमबर्ग आणि लिंडा साल्झमन सेगन हे त्यांचे सहकारी. हातात वेळ होता जेमतेम सहा महिन्यांचा. सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तांब्याची तबकडी ठरली. नेहमीच्या निम्म्या वेगाने, म्हणजे मिनिटाला सोळा आणि दोन तृतीयांश फेऱ्यांनी फिरवली तर संगीताला सुमारे नव्वद मिनिटं मिळणार होती. सोबत शंभराहून अधिक चित्रं, पृथ्वीवरचे आवाज आणि ५५ भाषांतल्या शुभेच्छा. त्यांत मराठीही आहे. पृथ्वीवरच्या लोकांचे शुभविचार कळवणारी आणि या जन्मी धन्य व्हा म्हणणारी ती मराठी आज २,४०० कोटी किलोमीटरहून दूर पोचली आहे.

पहिली यादी बनली तेव्हा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा वरचष्मा होता. शेवटी सत्तावीसपैकी आठच रचना त्या परंपरेतल्या राहिल्या आणि बाकीच्या युरोप-अमेरिकेच्या मैफलीबाहेरच्या जगातून आल्या. यामागे मोठा वाटा अ‍ॅलन लोमॅक्स या लोकसंगीताच्या संग्राहकाचा होता. लोमॅक्स तोवर चाळीसेक वर्षं हेच करत आला होता. वडील जॉन लोमॅक्स यांच्यासोबत त्याने अमेरिकेतल्या तुरुंगांत आणि खेड्यांत जाऊन गाणी टिपली होती. पुढे पन्नाशीच्या दशकात त्याने कोलंबिया कंपनीसाठी जगभरच्या लोकसंगीताची ‘वर्ल्ड लायब्ररी’ मालिका संपादित केली होती. तिच्यातला भारताचा खंड अलँ दानिएलू यांनी तयार केला. लोमॅक्सचं म्हणणं साधं होतं: माणसांच्या या ग्रहाची ओळख करून द्यायची तर ती राजवाड्यांतून आणि नाट्यगृहांतून देता येणार नाही.

त्याच्या आग्रहातून जे आलं त्यात बल्गेरियाचं एक गाणं आहे. रोडोपी डोंगरातली वाल्या बाल्कान्स्का नावाची गायिका, मागे दोन मोठ्या ‘गायदां’चा, म्हणजे बल्गेरियन मशकबाज्यांचा अखंड घुमारा आणि त्यावर तिचा पहाडी आवाज. हैदुक म्हणजे बंडखोर डेल्योचं ते गाणं आहे. जॉर्जियाचं ‘चाक्रुलो’ आहे: पुरुषांच्या आवाजांचे थर एकमेकांवर घासत जातात आणि अचानक एका सुरात मिळतात. जुलमी जमीनदाराविरुद्ध उठायच्या तयारीचं हे गाणं सोव्हिएत काळात रेडिओ मॉस्कोच्या संग्रहातून आलं, हाही एक गमतीचा भाग.

लोमॅक्सचंही सगळं ऐकलं गेलं नाही. चक बेरीचं ‘जॉनी बी. गुड’ त्याला पोरकट वाटत होतं. या ग्रहावर पोरं पुष्कळ आहेत, अशा अर्थाचं उत्तर सेगन यांनी दिल्याचं प्रसिद्ध आहे. बीटल्सचं एक गाणंही हवं होतं. ते गाणाऱ्यांची हरकत नव्हती, पण हक्क कंपनीकडे होते आणि परवानगी मिळाली नाही. थोडक्यात, ज्या गाण्याला मालक होता ते अंतराळात जायचं राहिलं. पेरूच्या लग्नगीताच्या वाटेत असं कोणी उभं नव्हतं.

केसरबाईंची तबकडी

भारताच्या वाट्याला एकच जागा होती. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने ठामपणे केसरबाईंच्या ‘जात कहाँ हो’ या भैरवीचं नाव सुचवलं. सुमारे साडेतीन मिनिटांची ती जुनी रेकॉर्ड बाजारातून कधीच गेली होती. शोधाशोध होऊन अखेर न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या.

फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या, कलावंत घराण्यात जन्मलेल्या केसरबाई अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा गुरूंकडून थोडंथोडं शिकत शेवटी अल्लादिया खाँसाहेबांकडे स्थिरावल्या. जयपूर-अत्रौलीची अवघड गायकी त्यांच्या गळ्यात अशी बसली की त्या घराण्याचं नाव घेतलं की त्यांचं नाव येतंच. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या फार काटेकोर. कुठे गायचं, किती गायचं, कुणाला ऐकू द्यायचं हे त्या स्वतः ठरवत. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबर १९७७ला उड्डाण केलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

अंतराळातल्या यादीत त्यांचं नाव बिरुदासह आहे. त्यांची थोरवी तर आहेच, पण नाव टिकण्याचं कारण फक्त थोरवी नाही. एक कारण रेकॉर्ड-धंद्यात आहे.

बाजाराने नाव राखलं

१९०२च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाने कोलकात्यात गौहर जानचं गाणं टिपलं. तबकड्या छापायच्या होत्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला कोणती तबकडी कुणाची हे कळायला हवं, म्हणून गाणं संपता संपता गौहर जान स्वतःचं नाव इंग्रजीत सांगे. पुढे वर्षानुवर्षं भारतीय गायक-गायिकांनी ही चाल पाळली. कंपनीला कलेचं प्रेम उतू जात होतं म्हणून नव्हे. गिऱ्हाईक नाव बघून पैसे मोजत होतं म्हणून. ज्यांना समाजाने मान नाकारला त्या कलावंत घरांतल्या बायकांची नावं रेकॉर्डच्या गोल कागदी लेबलावर सोनेरी अक्षरांत छापली गेली ती या हिशोबातून.

अमेरिकेतही हेच. टेक्ससचा आंधळा काळा गायक ब्लाइंड विली जॉन्सन रस्त्यावर गात असे. डिसेंबर १९२७मध्ये डॅलसला कोलंबिया कंपनीने त्याच्या रेकॉर्डी काढल्या. त्यांतलं एक गाणं शब्दांचं नाहीच. गिटारच्या तारेवर घसरणारी धातूची पट्टी आणि तिच्यामागून येणारं त्याचं गुणगुणणं. घर जळाल्यावर ओल्या अंथरुणावर दिवस काढत १९४५ साली तो वारला. त्याचं हे हुंकारगीत व्हॉयेजरवर आहे आणि त्याचं नावही आहे, कारण कंपनीने ते विकलं होतं.

विद्यापीठातून किंवा संग्रहालयातून निघालेल्या संग्राहकाचा हिशोब वेगळा होता. तो गायिका शोधत नव्हता, जमात शोधत होता. यादीत ‘पिग्मी’ म्हटलेल्या झाईरच्या म्बुटी मुलींचं गाणं त्याच्या दृष्टीने म्बुटींचं गाणं होतं. कोणत्या मुली, हा प्रश्न दुय्यम. परंपरेला कर्ता नसतो हे त्या काळचं अभ्यासकांचं गृहीतक. एकदा असं मानलं की यंत्र नेणाराच कर्ता ठरतो. ज्यांनी गाणं पैशासाठी टिपलं त्यांनी नाव राखलं आणि ज्यांनी प्रेमाने, अभ्यासासाठी टिपलं त्यांच्याकडून ते निसटलं, हा या सगळ्या कथेतला उलटा न्याय आहे.

अर्थात सगळ्या संग्राहकांनी नावं टिपलीच नाहीत असं नाही. कित्येकांच्या वह्यांत ती होती. गळती होते ती पुढच्या टप्प्यांवर. वहीतून एलपीच्या पुस्तिकेत, पुस्तिकेतून वेष्टनाच्या मागच्या बाजूवर, तिथून दुसऱ्या संकलनाच्या यादीत. पेरूचं गाणं फोकवेजकडून आलं, जावा बेटाच्या राजवाड्यातलं गामेलान आणि बल्गेरियाची बाल्कान्स्का नॉनसच कंपनीच्या ‘एक्सप्लोरर’ मालिकेकडून. व्हॉयेजरची रेकॉर्ड मुळात संकलनांचं संकलन आहे. प्रत्येक हातबदलात एकेक तपशील झडत गेला.

नावापाठोपाठ गावही हरवतं. ‘सेनेगल’ म्हणून गेलेला तुकडा सेनेगलचा नाहीच. १९६३ साली द्युवेलनी तो टिपला तो आजच्या बेनिनमधल्या सावालू इथे, माही समाजाच्या वादकांकडून. अझरबैजानचा ‘बॅगपाइप’ही बॅगपाइप नाही, ते बालाबान आहे, सनईच्या कुळातलं दुहेरी पत्तीचं वाद्य, आणि वाजवणारे होते कामिल जलिलोव. परग्रहवासीयांना फरक पडणार नाही. बेनिनच्या माणसाला पडतो.

नाव असलं की काय होतं

नावाचा उपयोग काय, गाणं तर पोचलंच ना, असं कुणी म्हणेल. त्यासाठी चार माणसांच्या हकिकती बघू.

१९५२ साली फोकवेज या न्यूयॉर्कच्या छोट्या कंपनीने हॅरी स्मिथ या विक्षिप्त संग्राहकाच्या खजिन्यातून ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ काढलं. सहा एलपी, ८४ गाणी, बहुतेक १९२७ ते १९३२ दरम्यानच्या बाजारू रेकॉर्डींवरून घेतलेली. गाणारा काळा की गोरा हे स्मिथने मुद्दाम लिहिलं नाही. पण नाव, कंपनी, साल प्रत्येकाचं दिलं. त्यांत मिसिसिपी जॉन हर्ट नावाच्या गायकाची दोन गाणी होती. तरुण श्रोत्यांना वाटलं, हा माणूस कधीच गेला असणार. मग त्याच्या एका जुन्या रेकॉर्डमध्ये ‘अ‍ॅव्हलॉन’ या गावाचा उल्लेख सापडला. १९६३ साली टॉम हॉस्किन्स नावाचा तरुण मिसिसिपीतल्या त्या गावी पोचला आणि जॉन हर्ट तिथे शेतमजुरी करत सापडला. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात गायला. उरलेली तीन वर्षं तो पैसे आणि टाळ्या घेत जगला.

दुसरी हकिकत जेम्स कार्टरची. १९५९ साली लोमॅक्सने मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात कैद्यांचं लाकूड फोडतानाचं गाणं टिपलं. पुढाकार घेऊन गाणारा होता कार्टर. लोमॅक्सने नाव लिहून ठेवलं. २००० साली ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटाच्या सुरुवातीला ते गाणं वापरलं गेलं आणि त्या संगीताच्या लाखो प्रती खपल्या. लोमॅक्सच्या संग्रहाचं काम पाहणाऱ्यांनी नावावरून माग काढत शिकागोमध्ये म्हातारा झालेला कार्टर गाठला आणि त्याच्या हाती २०,००० डॉलरचा धनादेश ठेवला. गाणं गायल्याचं त्याला धड आठवतही नव्हतं.

लोमॅक्स पितापुत्रांचं काम मात्र सगळंच उजळ नाही. तुरुंगात सापडलेल्या लेडबेली या गायकाच्या ‘गुडनाइट आयरीन’वर जॉन लोमॅक्स यांचंही नाव सहकर्ता म्हणून लागलं. लेडबेली डिसेंबर १९४९मध्ये वारला आणि १९५०मध्ये दुसऱ्यांनी गायलेलं ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. गाणाऱ्याचं नाव पुसलं जातं तसं त्याच्या नावाशेजारी दुसरं नाव चिकटवलंही जातं.

चौथी हकिकत सॉलोमन बेटांची. १९७० साली ह्यूगो झेम्प या अभ्यासकाने मलाइता बेटावर अफुनाक्वा नावाच्या स्त्रीकडून एक अंगाई टिपली. युनेस्कोच्या मालिकेत ती निघाली. १९९२ साली डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडगोळीने तिचा आवाज नाचाच्या ठेक्यावर बसवून ‘स्वीट लल्लबाय’ केलं. जगभर वाजलं, जाहिरातींत वापरलं गेलं. अफुनाक्वाचं नाव त्यावर नव्हतं. काही वर्षांनी एका नामवंत युरोपीय सॅक्सोफोनवादकाने तीच चाल ‘पिग्मी’ अंगाई म्हणून वाजवली. प्रशांत महासागरातल्या आईचं गाणं मध्य आफ्रिकेच्या जंगलात नेऊन ठेवलं गेलं. १९९६मध्ये झेम्प यांनी लेख लिहून हे सगळं मांडलं तेव्हा कुठे तिच्या नावाची चर्चा झाली.

हर्ट आणि कार्टर यांच्या बाबतीत नाव हा परतीचा रस्ता ठरला. अफुनाक्वाचं नाव संग्रहात असूनही पुढच्याने ते उचललं नाही आणि तो रस्ता बंद झाला.

फडताळाची सोय

१९८७च्या जूनमध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ या पबमध्ये काही छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं जमली. माली, झिम्बाब्वे, बल्गेरिया, पाकिस्तान अशा देशांचं संगीत दुकानात कुठल्या फडताळात लावायचं, ही त्यांची अडचण. ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव त्या बैठकीत पक्कं झालं. विक्रीची सोय म्हणून ते उत्तम चाललं. पुढे पुटुमायो, रफ गाइड अशा संकलनांनी ते घराघरांत, कॉफीच्या दुकानांत नेलं. रंगीत वेष्टनं, ऐकायला गोड गाणी आणि देश किंवा विषयानुसार विभागणी. यांत बहुतेकदा व्यावसायिक कलाकार असतात, त्यांचं नाव असतं, मानधनही मिळतं. तो भाग स्वच्छ आहे. पण देश हेच गाण्याचं नाव होण्याची सवय त्या फडताळाने आणखी घट्ट केली.

नावं परत आली ती

२०१७ साली व्हॉयेजरच्या चाळिशीनिमित्त ओझ्मा रेकॉर्ड्स या संस्थेने ती तबकडी पहिल्यांदाच रीतसर एलपी-संचाच्या रूपात बाजारात आणली. किकस्टार्टरवर लोकांनी त्यासाठी तेरा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली आणि पुढच्या वर्षी वेष्टनासाठी ग्रॅमीही मिळालं. पण त्या संचाची खरी कमाई त्याच्या पुस्तिकेत आहे. जुने संग्रह, वह्या, पत्रव्यवहार धुंडाळून त्यांनी नावं गोळा केली.

न्यू गिनीच्या पुरुषांच्या घरातलं गाणं आता सेपिक खोऱ्यातल्या प्रानिस पांडांग आणि कुम्बुई यांचं आहे. नवाहोंचा रात्रीचा मंत्र १९४२ साली अ‍ॅरिझोनात अ‍ॅम्ब्रोज रोन हॉर्स, चेस्टर रोन आणि टॉम रोन यांनी गायला होता. ऑस्ट्रेलियातल्या मिलिंगिम्बीची गाणी जावा, मुद्पो आणि वालिपारू यांची. सॉलोमन बेटांतल्या बासऱ्या वाजवणारे मलाइता भागातलेच, म्हणजे अफुनाक्वाच्याच मुलखातले. बेनिनला बेनिन मिळालं आणि बालाबानला बालाबान.

हे चाळीस वर्षांनी जमलं याचा अर्थ हे अशक्य कधीच नव्हतं. फक्त कुणीतरी महत्त्वाचं मानायला हवं होतं. आपल्याकडे त्याचा दाखला आहे. गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात मावळापासून मराठवाड्यापर्यंतच्या खेड्यांतल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. बर्नार बेल यांनी त्यांतल्या हजारो ध्वनिमुद्रित केल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या दस्तसंग्रहात २०१७पासून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, काम आणि शक्य तिथे फोटोही असतो. ओवी ही परंपरेची आहे, हे खरं. ती त्या पहाटे त्या बाईने तिच्या पद्धतीने जोडली, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच पानावर मावतात, हे त्या कामाने दाखवून दिलं.

ओझ्माच्या पुस्तिकेतही काही ओळी रिकाम्या राहिल्या आहेत. त्यांतली एक पेरूच्या लग्नगीताची, जे १९६४ साली जॉन कोहेन यांनी टिपलं. गाणारी आजही ‘वांकावेलिकाची एक तरुण मुलगी’ एवढीच आहे. सोबत वाद्य नाही, उंच, बारीक, न थरथरता जाणारा आवाज आहे. चाळीस सेकंदांत संपतं. बाख, बेथोव्हेन, केसरबाई यांच्या पंक्तीत बसलेली ती मुलगी कोण, हे विचारायला फार उशीर झाला असावा. तिच्या शेजारपाजारच्यांनाही आता विचारता येईल असं नाही.

पण आज जे टिपलं जातंय त्यासाठी उशीर झालेला नाही, आणि धोका मात्र वाढला आहे. एलपीच्या वेष्टनावर निदान चार ओळींना जागा होती. गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपवर एक छोटं चित्र आणि एक नाव दिसतं. ते नाव कित्येकदा वाहिनीचं किंवा चढवणाऱ्याचं असतं. जत्रेत, भजनात, लग्नाच्या हळदीत मोबाइलवर गाणं टिपणारे आपण सगळेच आता लोमॅक्सच्या जागेवर आहोत. त्याच्याइतका अभ्यास आपल्याला जमणार नाही. तबकडी सोन्याची असो की मोबाइलमधली, पाच गोष्टी मात्र कुणालाही लिहिता येतात: कोण गायलं, कुठल्या गावचं, कोणत्या दिवशी, सोबत कोण होतं आणि त्यांनी पुढे वापरायला हो म्हटलं का. संकलन चांगलं की वाईट हे गाण्यांवरून ठरवायची आपल्याला सवय आहे. यापुढे आधी त्याची पुस्तिका उघडावी, आणि पुस्तिकाच नसेल तर ती का नाही, हे संकलन करणाऱ्याला विचारावं.